काटी थांडा–लेक एअर: ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला खारा तलाव बघायला जायचं तर

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर वरच्या बाजूला एक मोठा निळा आकार दिसतो. तोच काटी थांडा–लेक एअर. त्या निळ्या रंगावर भरवसा ठेवून निघालात तर हिरमोड व्हायचीच शक्यता जास्त, कारण हा तलाव बहुतेक काळ कोरडा असतो. असतं ते मीठ: क्षितिजापर्यंत पसरलेलं, दुपारी डोळे दिपवणारं. माझं मत स्पष्ट आहे. पाण्याच्या मागे धावत सहल आखू नका. पाणी असलं तरी आणि नसलं तरी जमेल अशी सहल आखा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी तलावाचा स्वभाव समजून घ्या

तलाव अ‍ॅडलेडच्या उत्तरेला साधारण ७०० किलोमीटरवर आहे. त्याचा तळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली असून हीच ऑस्ट्रेलियातली सर्वांत सखल जागा. पूर्ण भरला तर क्षेत्रफळ साडेनऊ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जातं. उत्तरेचा मोठा भाग आणि दक्षिणेचा छोटा भाग असे त्याचे दोन तुकडे आहेत आणि गॉयडर चॅनेल नावाचा अरुंद प्रवाह त्यांना जोडतो.

इथे वर्षाला दीडशे मिलीमीटरसुद्धा पाऊस पडत नाही आणि बाष्पीभवन मात्र अडीच मीटरहून जास्त. मग पाणी येतं कुठून? शेकडो किलोमीटर दूरच्या क्वीन्सलंडमधून. देशाचा जवळजवळ सहावा हिस्सा या तलावाच्या पाणलोटात येतो. तिकडच्या चॅनेल कंट्री नावाच्या भागात मुसळधार पाऊस झाला की डायमंटिना, जॉर्जिना आणि कूपर क्रीक या नद्यांना पूर येतो. ते पाणी सपाट मुलखातून पसरत, जिरत, रेंगाळत खाली उतरतं आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी तलावात पोहोचतं. २०२५ च्या मार्चअखेरीस तिथे प्रचंड पूर आला आणि त्याचं पाणी मे महिन्यात तलावात उतरू लागलं. ढोबळ हिशेब असा: दीड मीटर पाणी दर तीनेक वर्षांनी, चार मीटर साधारण दशकातून एकदा, आणि काठोकाठ भरणं शतकात मोजक्या वेळा. १९७४ साली तो नोंदींतल्या सर्वोच्च पातळीला, सुमारे सहा मीटरपर्यंत भरला होता.

तुमच्या आखणीसाठी यातून एक फायद्याची गोष्ट निघते. पुराची बातमी आली की लगेच तिकीट काढायची घाई नसते. पाणी वाटेत असतं आणि तलावात आल्यावरही काही महिने टिकतं.

उलट पाऊस तलावावरच पडला तर बेत कसा कोलमडतो याचं मोठं उदाहरण म्हणजे ब्रिटिश वेगवीर डोनाल्ड कॅम्पबेल. मिठाचा कडक, सपाट तळ बघून वेगाचा विक्रम करायला तो १९६३ साली इथे आला, आणि नेमका वर्षानुवर्षं न पडलेला पाऊस आला. अखेर १७ जुलै १९६४ रोजी त्याने आपली ब्लूबर्ड ही गाडी ताशी ६४८ किलोमीटरहून जास्त वेगाने पळवली. त्याच्यासारखी तयारी असलेल्याला वर्षभर थांबावं लागलं, तेव्हा आपण चार दिवस राखीव ठेवायला हरकत नसावी.

तलावात उतरायचं नाही

हा अरबाना या इथल्या मूळ रहिवाशांचा मुलूख आहे. २०१२ साली न्यायालयाने त्यांचा भूमिहक्क मान्य केला आणि त्याच वर्षी तलावाला 'काटी थांडा–लेक एअर' हे जोडनाव मिळालं. त्यांच्यासाठी ही जागा पवित्र आहे. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानाच्या नव्या व्यवस्थापन आराखड्यानुसार परवानगीशिवाय तलावाच्या पात्रात चालणं, पोहणं, होडी घालणं, गाडी नेणं किंवा विमान उतरवणं यांवर बंदी आहे. जुन्या प्रवासवर्णनांत मिठावर उभं राहून काढलेले फोटो भरपूर सापडतील. ते बघून बेत आखू नका. काठावरून बघायचं आणि वरून, म्हणजे विमानातून बघायचं.

ही बंदी मला मनापासून पटते. देवळात चपला काढायला सांगतात तेव्हा आपण कारण विचारत नाही. शिवाय मीठ दिसतं तितकं टणकही नाही. दक्षिणेकडच्या खाड्यांत त्याचा थर बऱ्यापैकी जाड आहे, पण काठाकडे येताना तो पातळ होत जातो आणि खाली काळपट, चिकट गाळ असतो. चाकाची एक खूण वर्षानुवर्षं मिटत नाही. याच मिठाच्या पापुद्र्याखाली एक बोटभर सरडा राहतो, लेक एअर ड्रॅगन. पांढुरका, अंगावर काळे ठिपके, आणि पोट भरायचं ते मुंग्यांवर. काठाशी शांत बसलात आणि नजर जमिनीवर ठेवलीत, तर तो दिसूही शकतो.

उद्यानात ड्रोन परवान्याशिवाय उडवता येत नाही आणि कुत्रा नेता येत नाही. प्रवेशाचा पास दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उद्यान खात्याच्या संकेतस्थळावरून निघण्यापूर्वीच घ्या. तिथे पोहोचल्यावर नेट मिळेल या भरवशावर राहू नका.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर, म्हणजे तिथली थंडी. बस, एवढंच. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, पारा ४५ च्या पुढे जातो आणि गाडी बंद पडली तर प्रश्न थेट जिवाचा होतो. थंडीत दिवस छान असतात, पण रात्री तापमान शून्याच्या जवळ येतं. तंबूत झोपणार असाल तर चांगल्या प्रतीची स्लीपिंग बॅग हवीच. माश्या जवळजवळ बाराही महिने. तोंडावर ओढायची जाळी अ‍ॅडलेडलाच विकत घ्या.

भारतातून येणाऱ्यांसाठी: मुंबईहून अ‍ॅडलेडला सहसा सिंगापूर, क्वालालंपूर किंवा मेलबर्नमार्गे यावं लागतं. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात. महाराष्ट्रातलं इंग्रजीत छापलेलं लायसन्स चालतं, तरी आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असलेला बरा, कारण गाडी भाड्याने देणारे तो मागू शकतात.

गाडी

भाड्याची गाडी घेताना करारातली एकच ओळ शोधा: कच्च्या रस्त्यावर न्यायला परवानगी आहे का? बऱ्याच कंपन्या फोर व्हील ड्राइव्ह देतात, पण डांबर सुटलं की त्यांचा विमा लागू होत नाही. मरी गावाहून तलावाच्या दक्षिणेने विल्यम क्रीककडे जाणारा कच्चा रस्ता म्हणजे ऊडनादाटा ट्रॅक. त्याचं नाव घेऊन विचारा आणि उत्तर लेखी मागा.

कोरड्या हवेत ऊडनादाटा ट्रॅकवर जरा उंच असलेली साधी गाडीसुद्धा जाते. तलावाच्या काठापर्यंत जाणाऱ्या वाटेला मात्र फोर व्हील ड्राइव्हशिवाय पर्याय नाही. बरोबर हवं ते असं: पूर्ण आकाराच्या दोन स्टेपन्या, गाडीचा जॅक आणि तो मातीत रुतू नये म्हणून खाली ठेवायला लाकडी फळी, हवा भरायचा कंप्रेसर, हवा मोजायचं गेज, फावडं, ओढायचा पट्टा आणि वाळूत चाकाखाली टाकायच्या पट्ट्या.

टायरमधल्या हवेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे पंक्चर होतात ती बहुतेक याच कारणाने. डांबरी रस्त्यावरची हवा तशीच ठेवून खडीवर गेलात तर टायर दगडासारखा कडक राहतो आणि टोकदार खडा थेट आत घुसतो. डांबर संपलं की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, चारही टायरची हवा साधारण २८ ते ३० पीएसआयवर आणा आणि वेग ताशी ८० च्या खाली ठेवा. हवा कमी आणि वेग जास्त, हे जोडपं टायर फाडतं. मऊ वाळू लागली तर १६ ते २० पर्यंत उतरा आणि अगदी सावकाश चाला. पुन्हा कडक रस्ता आला की आधी हवा भरा, मगच वेग घ्या. गाडी जड भरलेली असेल तर हे आकडे थोडे वर सरकतात. हवा अशी कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, दगडाच्या टोकाला वळसा घालतो आणि तुमच्या पाठीचे हालही कमी होतात.

रस्ता

अ‍ॅडलेडहून सावकाश निघून आठवडाभराची फेरी धरा. पहिल्या दिवशी पोर्ट ऑगस्टा, क्वॉर्नमार्गे हॉकर, सुमारे ४०० किलोमीटर. वाटेत फ्लिंडर्स पर्वतरांगा लागतात. दुसऱ्या दिवशी ली क्रीक, लिंडहर्स्ट आणि मरी. लिंडहर्स्टच्या पुढे कच्चा रस्ता गृहीत धरा.

मरीला घाईने पुढे सरकू नका. हे छोटंसं गाव एकेकाळी उंटांच्या तांड्यांचं मोठं ठाणं होतं. १८६५ च्या अखेरीस कराचीहून उंट आणि उंटवाले जहाजाने पोर्ट ऑगस्टाला उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. या लोकांना सरसकट 'अफगाण' म्हटलं जाई, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी सगळेच होते. रेल्वे आणि मोटारी येईपर्यंत या मुलखाचं धान्य, लोकर, तारायंत्राचे खांब त्यांनीच वाहिले. मरीमध्ये त्यांच्या मशिदीची प्रतिकृती आणि खजुराची झाडं आहेत. मुंबईच्या धक्क्यांवरून आफ्रिकेपर्यंत गेलेल्या खलाशांची आणि व्यापाऱ्यांची आठवण आपण ठेवतो, तशी या उंटवाल्यांचीही ठेवावी.

मरीला तीन कामं: टाकी काठोकाठ भरा, पाणी भरा आणि रस्त्यांची स्थिती बघा. दक्षिण ऑस्ट्रेलिया सरकार दुर्गम भागातल्या रस्त्यांची माहिती रोज प्रसिद्ध करतं आणि गावाबाहेर मोठ्या फलकांवरही 'उघडा' किंवा 'बंद' असं लिहिलेलं असतं. बंद म्हणजे बंद. थोड्याशा पावसानेही इथली माती साबणासारखी होते, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड होतो.

मरीपासून विल्यम क्रीक सुमारे २०४ किलोमीटर. जेमतेम नव्वद किलोमीटरवर रस्ता दक्षिणेकडच्या तलावाला खेटून जातो आणि गाडीतून उतरताच मीठ समोर येतं. ज्यांच्याकडे साधी गाडी आहे त्यांच्यासाठी खारा तलाव बघायची ही सर्वांत सोपी आणि निर्धोक जागा. इथूनच परत फिरलात तरी सहल फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

पुढे जुन्या घान रेल्वेची पडकी स्थानकं लागतात. ही लाइन १९८० मध्ये बंद झाली. कावर्ड स्प्रिंग्जच्या थोडं अलीकडे आत वळलात की मातीच्या उंचवट्यांवरचे झरे आहेत. त्यातल्या 'बबलर'जवळ दहा मिनिटं उभे राहा. स्वच्छ पाण्याच्या तळाशी करडी वाळू हळूच फुगते, गोल फिरते, बसते, आणि क्षणभराने तळातून मोठा बुडबुडा पुन्हा तिला उचलतो. हे पाणी ग्रेट आर्टेशियन बेसिन या जमिनीखालच्या प्रचंड साठ्याचं, लाखो वर्षांपूर्वी जमिनीत मुरलेल्या पावसाचं. उंटांचे तांडे, तारायंत्राची लाइन आणि रेल्वे या तिन्ही गोष्टी याच झऱ्यांच्या माळेला धरून गेल्या. पाण्यात हात घालू नका. हेही अरबानांचं पवित्र ठिकाण आहे.

गाडी चालवताना समोरून ट्रक आला की वेग कमी करून डावीकडे व्हा. धूळ खाली बसेपर्यंत थांबा आणि धुळीत घुसून ओव्हरटेक करू नका. सूर्य मावळतीला आला की मुक्काम गाठा. कांगारू आणि गुरं नेमकी तेव्हाच रस्त्यावर येतात. विल्यम क्रीकच्या भोवती अ‍ॅना क्रीक हे देशातलं सर्वांत मोठं गुरांचं कुरण आहे आणि तिथे कुंपणं सगळीकडे नाहीत.

हॅलिगन बे पॉइंट: काठापर्यंत जायचं का?

विल्यम क्रीकच्या सात किलोमीटर आग्नेयेला फाटा आहे. तिथून आत सुमारे साठ किलोमीटरवर हॅलिगन बे पॉइंट. एका बाजूला दोन तास धरा. वाटेवर दगडगोट्यांचं माळरान, मधूनच वाळू. सावली नाही, पाणी नाही, मोबाइल नाही. काठावर साधी मुक्कामाची जागा आहे. सरपण मिळणार नाही आणि शोधूही नका. गॅसची शेगडी न्या. कचरा सगळा परत आणा.

या वाटेवर एक स्मारक आहे. डिसेंबर १९९८ मध्ये ऑस्ट्रियाहून आलेल्या एका जोडप्याची गाडी तलावाजवळ वाळूत रुतली. काही दिवस वाट बघून ती तरुणी मदत आणायला चालत निघाली आणि सुमारे ३० किलोमीटर चालल्यावर उन्हाने गेली. गाडीजवळ थांबलेला तिचा जोडीदार वाचला. म्हणून नियम एकच: काहीही झालं तरी गाडी सोडायची नाही. गाडी म्हणजे सावली, गाडी म्हणजे पाणी, आणि शोधणाऱ्यांना आकाशातून दिसते ती गाडीच, माणूस नाही.

म्हणून निघण्यापूर्वी हे करा. पाणी माणशी दिवसाला सात लिटर आणि त्यावर आणखी चार दिवसांचा साठा, आणि तोही एकाच मोठ्या कॅनमध्ये न ठेवता अनेक डब्यांत. एक फुटला तरी बाकीचे राहतात. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र, आणि त्याशिवाय संकटात खूण पाठवणारा पीएलबी. तो भाड्यानेही मिळतो. गाडीत यूएचएफ रेडिओ असेल तर ४० नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाल्यांशी बोलता येतं. विल्यम क्रीकच्या हॉटेलात आणि घरी अशा दोन ठिकाणी सांगून ठेवा: कुठे जातोय, कधी परततोय, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर पोलिसांना कळवायचं.

एकटीच गाडी असेल, आकाशात ढग असतील किंवा बरोबर लहान मुलं असतील, तर मी हा टप्पा गाळून विमानाचे पैसे खर्च करेन. मरीहून मुलूरिनामार्गे लेव्हल पोस्ट बेला जाणारी दुसरी वाट आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

वरून बघताना

तलावाचा आकार जमिनीवरून कळतच नाही. विल्यम क्रीक, मरी आणि कूबर पेडी इथून छोटी विमानं उडतात. तासाभराच्या उड्डाणाला माणशी काही शे डॉलर पडतात, आणि या सहलीत एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर तो यावर करा. तलावात पाणी आल्याची बातमी पसरली की जागा भराभर भरतात, तेव्हा आठवडे आधी आरक्षण करा. मरीहून उडणारी काही विमानं मरी मॅनवरूनही नेतात. ही जमिनीवर कोरलेली पावणेतीन किलोमीटर लांबीची माणसाची आकृती १९९८ साली आकाशातून दिसली. ती कोणी काढली हे आजवर उघड झालेलं नाही.

सकाळचं पहिलं उड्डाण मागा. हवा स्थिर असते आणि तिरप्या उन्हात मिठावरचे उंचसखल पट्टे उठून दिसतात. ज्याचे पंख छतावर आहेत अशा विमानात कुठल्याही खिडकीतून खालचं दिसतं. गडद रंगाचे कपडे घाला, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब पडणार नाही. कॅमेऱ्यावर पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, लावू नका, नाहीतर विमानाच्या खिडकीतून इंद्रधनुषी पट्टे उमटतात. पोट नाजूक असेल तर उलटीची गोळी अर्धा तास आधी. विमानात बसवण्यापूर्वी वजन करतात, त्यात संकोच वाटून घेऊ नका.

पाणी असेल तर रंग बघत राहा. उथळ पाणी आटत आलं की गुलाबी छटा येते. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने त्याचं कारण खारटपणात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. मीठ सोसणारे जीव आणि शैवालं इथेही तोच रंग देतात. पूर आला की गोड्या पाण्याबरोबर मासे येतात आणि त्यांच्यामागे पेलिकन. खाऱ्या पाण्यात कोळंबीसारखे बारीक जीव उबतात, त्यांच्यावर पट्टेवाले शेकाटे तुटून पडतात. पाणी खारट होत गेलं की मासे मरतात आणि पक्षी उठून जातात. पाणी नसेल तर हेच चित्र पांढऱ्या, करड्या, तांबूस रेषांत वाळून पडलेलं दिसतं. मला दोन्ही सारखीच आवडतात.

खाणंपिणं आणि परतीची वाट

भारतातून पोहे, डाळी, लोणची भरून आणण्याच्या फंदात पडू नका. विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते आणि दाणे, बिया, दुधाचे पदार्थ बहुधा काढून घेतले जातात. अ‍ॅडलेडमध्ये सगळा भारतीय किराणा मिळतो. शाकाहारी असाल तर तो हवाच, कारण वाटेवरच्या हॉटेलांत तुमच्या वाट्याला मुख्यतः चिप्स येतील. पेट्रोल-डिझेल मरी आणि विल्यम क्रीकला मिळतं, अ‍ॅडलेडपेक्षा बरंच महाग. तरी दिसेल तिथे टाकी भरा.

परत त्याच वाटेने येण्यापेक्षा विल्यम क्रीकहून कूबर पेडी गाठा, १६६ किलोमीटर कच्चा रस्ता. तिथून स्टुअर्ट महामार्गाने अ‍ॅडलेड साडेआठशे किलोमीटरच्या आत, सगळं डांबर. कूबर पेडीला पोहोचलात की लगेच टायरमध्ये हवा भरा आणि नटबोल्ट तपासा. खाऱ्या चिखलातून गेला असाल तर गाडीचा तळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, नाहीतर महिन्याभरात गंज धरतो. आणि ज्या दोन ठिकाणी सांगून निघाला होतात, त्या दोन्ही ठिकाणी फोन करून पोहोचल्याचं कळवा, म्हणजे कुणी विनाकारण तुम्हाला शोधायला निघणार नाही.